संग्रहालयाने परत केलेले देव

माझ्या पत्नीने जाण्याआधी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आणि मी ती दोन महिने केली नाही. इथूनच सुरुवात करावी लागेल, कारण पुढे जे घडलं ते या न केलेल्या गोष्टीतूनच घडलं. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात नलिनी फारसं बोलत नसे. एका दुपारी तिने डोळे उघडले, माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं, किंचित हसली आणि म्हणाली, "देवांचं तेवढं बघा." मी हो म्हणालो. मनात मात्र तेव्हाच चरकलो, कारण त्या पाच देवांना मी लग्नानंतर एकदाही हात लावलेला नव्हता.

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. ग्रंथालयात संदर्भ विभाग म्हणून एक खोली असते. तिथली पुस्तकं तिथेच बसून वाचायची, घरी न्यायची नाहीत. देवाच्या बाबतीत माझं धोरण साधारण तसंच होतं. संतांची चरित्रं वाचावीत, मूर्तींच्या शैलीवर चार शब्द बोलावेत, पण घरी काही आणू नये. घरचं खातं नलिनीकडे होतं. गणपती, अन्नपूर्णा, दोन टाक आणि एक रांगता बाळकृष्ण. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण तिने माहेराहून आणलेले, लग्नात आईने ओटीत दिलेले. आम्हाला मूल झालं नाही. त्याबद्दल आम्ही दोघं सुरुवातीची काही वर्षं बोललो आणि मग बोलणं थांबलं. खांदा कॉलनीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात रोज सकाळी ताम्हनात पाणी पडल्याचा आवाज यायचा आणि मी पेपर वाचत असायचो. इतकाच माझा त्या पूजेशी संबंध.

दिवस झाले, तेरावा झाला. मेहुणीने चौदाव्या दिवशी देवांना अंघोळ घातली, मला सगळं नीट समजावून सांगितलं आणि ती नाशिकला परतली. दुसऱ्या दिवशी मी देवघरासमोर बसलो. काहीच आठवेना. म्हणून कपाटातून पूजाविधीचं पुस्तक काढलं. आधी प्रस्तावना वाचली. मग तळटीपा वाचल्या. छपाईच्या तीन चुका सापडल्या, त्या पेन्सिलीने दुरुस्त केल्या. मान वर केली तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि देव पारोसेच होते. दुसऱ्या दिवशी मला लाज वाटली म्हणून मी देवघराची दारं लावून घेतली. तिसऱ्या दिवशी दारं लावली याची लाज वाटली. पुढे पुढे तर मी स्वयंपाकघरात जाताना देवघराकडे पाठ करून, भिंतीला घासून जाऊ लागलो. पुस्तक परत न केलेले विद्यार्थी माझ्या टेबलासमोरून असेच जायचे.

शेवटी ठरवलं, की जो माणूस देवांची काळजी घेऊ शकत नाही त्याने ते योग्य हाती सोपवावेत. शब्द मोठा सभ्य होता, "योग्य हाती". पण ते हात सापडेनात. जवळच्या देवळातल्या गुरुजींनी हात जोडले आणि देवळामागचा पिंपळ दाखवला. पिंपळाच्या पारावर लोकांनी आणून ठेवलेल्या तसबिरी, फुटक्या काचा, नाक झिजलेले गणपती, एक बंद पडलेलं देवीच्या चित्राचं घड्याळ असा ढीग होता. गुरुजी म्हणाले, तुम्हीही ठेवा इथेच, सगळे ठेवतात. मी पाच मिनिटं उभा राहिलो आणि घरी आलो. कुणीतरी आपल्याला पाहिलं असावं असं दिवसभर वाटत राहिलं.

मग मला मठ आठवला. जुन्या पनवेलमध्ये, तळ्याच्या मागच्या गल्लीत, पूर्वी एक मठ होता. शेवटच्या स्वामींनी शिष्य नेमला नाही, तेव्हा विश्वस्तांनी तिथे धार्मिक कलेचं एक लहानसं संग्रहालय केलं. जुन्या मूर्ती, समया, पोथ्या, देव्हारे, पालखी. मला वाटलं, देवांसाठी यापेक्षा उत्तम वृद्धाश्रम कुठला असणार? गुरुवारी सकाळी मी पाचही देव नलिनीच्या एका खणात गुंडाळले, तिचं नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवले आणि रिक्षात बसलो. खड्ड्यांत डबा खुळखुळत होता. रिक्षावाल्याने आरशातून पाहत विचारलं, "लाडू का काका?" मी हो म्हणालो. देवांच्या बाबतीत माझं खोटं बोलणं आता सवयीचं झालं होतं.

संग्रहालयाच्या दारात पाटी होती की चपला घालून आत येण्यास हरकत नाही. पाटीखाली चपलांचा ढीग होता. मीही माझ्या तिथेच काढल्या. आत दुसरी पाटी होती, वस्तूंना हात लावू नये, फुले वाहू नयेत. दाराशी म्हात्रे म्हणून पहारेकरी बसले होते. त्यांनी सांगितलं की रोज संध्याकाळी काचांवरचं कुंकू पुसणं हेच त्यांचं मुख्य काम आहे. लोक तिकीट काढतात आणि काचेलाच बोट लावतात. बोलता बोलता ते स्वतः पालखीपाशी आले तेव्हा त्यांचा हात छातीशी गेला.

संग्रहपाल म्हणून पूर्वा नावाची एक तरुण मुलगी होती. चष्मा, सुती कुर्ता, हातांत पांढरे हातमोजे. तिने मला दानपत्राचा छापील अर्ज दिला आणि माझे देव एकेक करून पांढऱ्या कापडावर मांडले. मग भिंग घेऊन ती प्रत्येकाला उलटं करून बघू लागली. गणपती उलटा झाला तेव्हा मी मान खाली घालून अर्ज भरू लागलो. पाच मिनिटांनी तिने भिंग ठेवलं आणि डॉक्टर जसं नातेवाइकांना सांगतात तशा आवाजात म्हणाली, "काका, हे साच्यातलं ओतकाम आहे. बाजारात मिळतं तेच. टाकसुद्धा अलीकडचे आहेत. आम्हाला घेता येणार नाहीत."

देव नापास झाले होते. मला बरं वाटायला हवं होतं की वाईट, हे कळायच्या आत मी भांडू लागलो होतो. मी सहसा भांडत नाही. पण मी तिला सांगू लागलो की हा बाळकृष्ण साधा नाही, याचा उजवा गुडघा बघा, रोज पुसून पुसून तो डाव्यापेक्षा गुळगुळीत झालाय. याला हिवाळ्यात लोकरीचं टोपरं असतं, ते नलिनी दर दिवाळीनंतर नवीन विणायची. या अन्नपूर्णेच्या पळीत रोज तांदळाचा एकच दाणा ठेवलेला असायचा, आणि तो दाणा पडला तर नलिनी चष्मा लावून जमिनीवर शोधत बसायची. हे सगळं मला कसं माहीत, याचंच मला आश्चर्य वाटत होतं. मी तर पेपर वाचत होतो. पूर्वाने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "काका, मग तुम्ही हे देताय कशाला?" मी चष्मा काढून पुसू लागलो.

त्याच वेळी दाराशी गलका झाला. जासईहून सात-आठ बायका आल्या होत्या. पुढे एक आजी, मागे तिची सून, सुनेच्या कडेवर सव्वा महिन्याची मुलगी. त्यांच्या घराण्यात एक रीत होती. घरातलं पहिलं मूल सव्वा महिन्याचं झालं की मठातल्या लाकडी पाळण्यात निजवायचं, पाळणा म्हणायचा आणि घरी जायचं. मागच्या खेपेला त्या आल्या होत्या तेव्हा या मुलीचा बाप तान्हा होता. तो आता न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो आणि त्या वेळी बाहेर गाडी लावत होता. मधल्या काळात मठाचं संग्रहालय झालं, हे त्यांच्या कानावर होतं, पण त्यामुळे पाळण्यात काही फरक पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

भांडण मात्र पाळण्यावरून नव्हतं, वरवंट्यावरून होतं. आपल्याकडे बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. त्याला बाळासारखं नटवायचं, त्याला गोपा म्हणायचं आणि आधी त्याला झोका द्यायचा. आजींनी आणलेल्या वरवंट्याला गुलाबी झबलं होतं, टोपरं होतं, काजळाची तीट होती. म्हात्र्यांचं म्हणणं, काचेच्या खोलीत दगड नेता येणार नाही.

"तो काय बाँब हाय का?" आजी म्हणाल्या. "कालच मसाला वाटलाय त्याच्यानं."

"काकी, मॅडम मला वरडतील."

"वरडू दे. तुझ्या बारशाला आयशीनं काय काचेचा गोपा केलावता?"

म्हात्र्यांनी वरवंटा दोन्ही हातांत घेतला, तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना, म्हणून तो तसाच धरून ते दारात उभे राहिले.

पूर्वा पुढे गेली आणि तिने समजावून सांगितलं. पाळणा फार जुना आहे, त्याला वाळवीचं औषध मारलेलं आहे, तान्ह्या मुलीला तो मुळीच चालणार नाही. औषधाचं नाव काढताच आजींनी नातीला पदराखाली ओढून घेतलं. ते त्यांना लगेच पटलं. मग गोपा तरी घालू दे, त्या म्हणाल्या. पूर्वा म्हणाली, दगडाचं वजन तळाच्या फळीला झेपणार नाही. आजी म्हणाल्या, याच फळीवर माझा मुलगा निजलावता. तेवढ्यात तो मुलगा गाडी लावून आत आला. दार त्याला अरुंद होतं. पूर्वाने एकदा त्याच्याकडे आणि एकदा पाळण्याच्या सांध्यांकडे पाहिलं आणि ती जरा पांढरी पडली.

सून खाली बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं. मोठ्या हौसेने नटून आली होती बिचारी, आणि पहिल्याच मुलीची रीत चुकत होती. बायका परत फिरायच्या बेताला आल्या. मी कोपऱ्यात उभा होतो. परक्यांच्या गोष्टीत मी कधी पडत नाही. पण माझ्या तोंडून शब्द निघून गेले होते, "माझ्याकडे बाळकृष्ण आहे. हलका आहे."

सगळ्या वळून माझ्याकडे बघू लागल्या. पूर्वाही. ती नियमाने चालणारी मुलगी होती. पाळण्यात बाहेरची वस्तू ठेवता येत नाही, ती म्हणाली, संग्रहातली वस्तूच ठेवता येते. मग तिची नजर माझ्या अर्ध्या भरलेल्या अर्जावर गेली. तिने ड्रॉवर उघडला आणि दुसराच एक छापील कागद बाहेर काढला. प्रदर्शनासाठी तात्पुरती स्वीकारलेली वस्तू. वस्तूचं नाव, बाळकृष्ण. कालावधीच्या रकान्यात तिने लिहिलं, अर्धा तास. मी सही केली. अशा रीतीने माझा नापास झालेला देव अर्ध्या तासापुरता संग्रहालयात दाखल झाला.

आजींनी तो हातात घेतला. अंगठ्याने त्याचं कपाळ घासलं, अंगठा पाहिला. हिरवट झाला होता.

"याला कवा अंघोळ घातलीस?"

आमच्या वयात फार तर दोन-चार वर्षांचा फरक असेल, पण त्या मला अरेतुरे करत होत्या आणि मला ते फार योग्य वाटलं. मी खरं ते सांगितलं. बायको गेली, दोन महिने झाले, तिने सांगितलं होतं, मला जमलं नाही. मला वाटलं होतं की आता बोलणी खावी लागतील. पण आजींनी सुनेच्या पिशवीतून बाळाच्या गरम पाण्याचा थर्मास आणि बेसनाची पुडी काढली आणि मला अंगणात नेलं. तिथे संग्रहालयाचा नंबर चिकटवलेल्या तुळशीवृंदावनाच्या पायरीवर त्या बसल्या. गार पाणी मिसळून त्यांनी कोपराने पाणी पाहिलं आणि बाळकृष्ण माझ्या तळहातावर ठेवला.

"मान धर," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, पितळेचा आहे. त्या म्हणाल्या, "मान धर रे, लेकराची मान धरतान."

मी मान धरली. माझं वय त्या दिवशी अडुसष्ट होतं आणि मी पहिल्यांदाच अंघोळीसाठी एका बाळाची मान धरली होती. त्या पाणी घालत होत्या, थोडं बेसन लावून चोळत होत्या, मध्येच मला, पाय सोड, उलटा कर, कानामागे राहिलंय, असं सांगत होत्या. मी सगळं ऐकत होतो. दोन महिने पुस्तक उघडून जे मला कळलं नव्हतं ते असं होतं तर. टॉवेल त्यांनी नातीचाच दिला. पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "नाव काय याचं?"

आता बाळकृष्णाचं नाव बाळकृष्णच असणार. पण मला आठवलं ते वेगळं. नलिनी त्याला अंघोळ घालताना, मी ऐकत नाही असं समजून, एका नावाने हाक मारायची. ते नाव मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, तिलाही कळू दिलं नव्हतं की मला माहीत आहे.

"बंड्या," मी म्हणालो.

आजींनी मान डोलावली, जणू अर्ध्या जासईतल्या देवांची नावं बंड्याच होती.

मग पाळणा झाला. मठाच्या मधल्या खोलीत पाळण्याभोवतीच्या दोरखंडाच्या अलीकडे बायका ओळीने उभ्या राहिल्या. पलीकडे पाळण्यात, नातीच्या दुपट्यावर, माझा बंड्या. पाळण्याला हात लावायची परवानगी फक्त संग्रहपालांना, म्हणून पूर्वा आत गेली आणि पांढरे हातमोजे घातलेल्या दोन बोटांनी, एखादं जुनं हस्तलिखित उलटावं तशी, पाळणा हलवू लागली. पहिल्यांदा तिचा झोका चुकला. आजी म्हणाल्या, "पोरी, हळू. नीज येवूदे त्याला." दुसऱ्या झोक्याला तिला लय सापडली. बायकांनी पाळणा म्हटला. सुनेने मुलीला पुढे करून तिचं पाऊल पाळण्याच्या कडेपासून वीतभर लांब, हवेतच टेकवलं, आणि आजींनी ते मान्य केलं. देव निजला म्हणजे लेकरू निजलं, त्या म्हणाल्या. इतर दालनांतली माणसं आपापल्या मूर्ती सोडून तिथे जमली. त्या खोलीत शेकडो वर्षांची जुनी शिल्पं होती. सगळे माझ्या बाजारातल्या साच्यातल्या बाळकृष्णाकडे बघत होते.

मी दाराकडे पाहिलं. म्हात्रे वरवंटा खांद्याशी धरून उभे होते आणि त्याला हलकेच थोपटत होते. त्यांना स्वतःला ते कळत नव्हतं. मला हसू आलं. हसता हसता ते कधी बदललं हे कळलं नाही. नलिनी गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. स्मशानात नाही, तेराव्याला नाही, रिकाम्या घरातही नाही. लोक म्हणायचे, मोठे धीराचे आहेत. तो धीर नव्हता, मी आतून कुलूप लावलं होतं. त्या दिवशी अनोळखी बायकांच्या घोळक्यात मी हुंदके देऊन रडलो आणि कुणीही मला उगी उगी म्हटलं नाही, कारण पाळणा अजून संपला नव्हता. त्यांची आणखी चार कडवी राहिली होती. ती चार कडवी मला पुरली.

अर्धा तास संपला तसा पूर्वाने बाळकृष्ण उचलून आणला आणि कागद पुढे केला. वस्तू सुस्थितीत परत मिळाली, सही करा. मी वाचून सही केली. आयुष्यात मी पुस्तकं परत घेतल्याच्या हजारो सह्या केल्या असतील, पण ही करून मी खाली तारीख आणि वेळही घातली. बाकीचे चार देव तिने स्वतःच खणात गुंडाळून डब्यात ठेवले. दानाचा अर्ज तिने परत मागितला नाही आणि मीही दिला नाही. निघताना आजींनी माझ्या हातावर घुगऱ्या ठेवल्या आणि रोजची अंघोळ कोमट पाण्याने, असं बजावलं.

असे अनुभव मी पूर्वी वाचले आहेत. त्यांत मदत करणारी व्यक्ती नंतर शोधूनही सापडत नाही, गावात त्या नावाचं कुणीच राहत नसतं, आणि मग लेखकाला उलगडतं की तो देवच होता. आमच्या आजींनी माझा फोन नंबर घेतला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्यांचा फोन आला, घातलीस का? मी म्हणालो, घालतोय. त्यांनी विचारलं, मान धरलीस? तेव्हापासून दर गुरुवारी फोन येतो. त्यात काही चमत्कार आहे असं मला म्हणायचं नाही. पण त्याच गुरुवारी, त्याच वेळी, त्याच घराण्याचा गोपा दारात अडावा आणि माझ्या डब्यात दुसरा असावा, हे मला अजून कुठल्या विभागात नोंदवावं ते कळलेलं नाही. तसंच ठेवलं आहे.

मला मंत्र येत नाहीत. क्रम चुकतो. एकदा गणपतीला अन्नपूर्णेचं वस्त्र गेलं आणि ते दोघांनीही चालवून घेतलं. माझा विश्वास बसला आहे का, असं मेहुणीने फोनवर विचारलं. मी इतकंच सांगितलं की मी देव कुणाच्या तरी हाती सोपवायला निघालो होतो आणि त्या सकाळी मलाच कुणीतरी त्यांच्या हाती सोपवलं. नलिनीने देवांचं बघा म्हटलं होतं, ते देवांसाठी म्हटलं असेल असं आता मला वाटत नाही. तिचे, त्या आजींचे, त्या सुनेचे, नियम पाळून नियमातून वाट काढणाऱ्या त्या मुलीचे उपकार मी कसे फेडणार?

परवा मला उठायला उशीर झाला. नऊ वाजून गेले होते, ऊन स्वयंपाकघरापर्यंत आलं होतं आणि देव अजून तसेच होते. मी चष्माही न लावता घाईघाईने गॅसवर पाणी ठेवलं, ताम्हन घेतलं, आणि घरात दुसरं कुणी नसताना मोठ्याने म्हणालो, "आलो रे, आलो."